शांत जागेचा आवाज पकडताना: कमी नॉइजचे मायक्रोफोन आणि पोर्टेबल रेकॉर्डर निवडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा रेकॉर्डिंग छान येतं. मग रात्रीच्या शांततेत नुसता "श्श्श" का भरून राहतो?

कारण दिवसा बाहेरचा आवाज इतका मोठा असतो की यंत्राचा स्वतःचा आवाज त्याखाली दबतो. रात्री रातकिडेही थांबले की बाहेर उरतं ते जेमतेम २० डेसिबलच्या आसपासचं काहीतरी: दूरचा ओढा, एखादं पान, हवेची हालचाल. तेवढं ऐकू यावं म्हणून आपण गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, वाढवतो, आणि गेन बिचारा भेदभाव करत नाही. ओढ्याबरोबर माइकच्या आतली सळसळही तो तेवढीच मोठी करतो. आपल्याला ऐकू येणारा हिस हा जंगलाचा नसतो, आपल्याच सामानाचा असतो.

लग्नसमारंभ, मुलाखत, गाण्याचा कार्यक्रम यांत उत्तम काम करणारी यंत्रं शांत जागेत उघडी पडतात ती याचमुळे. ती वाईट नसतात. हे काम वेगळं असतं.

सेल्फ-नॉइज म्हणजे नेमकं काय? किती असला तर चालेल?

पूर्ण निःशब्द खोलीत माइक ठेवला तरी त्यातून थोडा सिग्नल बाहेर येतच राहतो. हवेचे रेणू माइकच्या आतल्या पातळ पडद्यावर सतत आदळत असतात, शिवाय आतल्या सर्किटचा स्वतःचा नॉइज असतो. हा सगळा आवाज बाहेरच्या किती मोठ्या आवाजाइतका आहे ते माहितीपत्रकात डीबीएमध्ये (कानाच्या संवेदनेनुसार "ए" वजन दिलेल्या डेसिबलमध्ये) दिलेलं असतं. आकडा जितका कमी तितका माइक शांत.

काही ओळखीची उदाहरणं, कंपन्यांनीच जाहीर केलेल्या आकड्यांसह. रोडे एनटी१-ए हा मोठ्या पडद्याचा माइक ५ डीबीए. सेनहायझर एमकेएच ८०२० हा ओम्नी (सगळ्या बाजूंचं सारखं ऐकणारा) १० डीबीए, त्याचाच कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) भाऊ एमकेएच ८०४० १३ डीबीए. प्रिमोची ईएम२७२ ही शर्टाच्या गुंडीएवढी कॅप्सूल (माइकचा आवाज पकडणारा भाग) १४ डीबीए. कपड्यांवर लावायचा नावाजलेला डीपीए ४०६० मात्र २३ डीबीएच्या घरात. तो बोलणाऱ्या माणसासाठी अप्रतिम आहे, पण मध्यरात्रीच्या रानात त्याचा हिस ऐकू येणारच.

माझा अंदाज असा बांधा: पहाटेचा पक्ष्यांचा गलका, पाऊस, समुद्र, बाजारपेठ यांना २० डीबीएपर्यंतचा माइकही पुरतो. शांत रानाचा, बर्फाच्छादित जागेचा, रिकाम्या देवळाचा किंवा गुहेचा आवाज हवा असेल तर १५ च्या खाली या. १० च्या खाली गेलात तर फारच उत्तम, पण तिथे इतर अडचणी सुरू होतात. त्या पुढे येतीलच.

माहितीपत्रकात सेल्फ-नॉइज दिलेला नाही, फक्त सिग्नल-टू-नॉइज रेशो आहे. काय करू?

९४ मधून तो आकडा वजा करा. ८० डीबी रेशो म्हणजे १४ डीबीए सेल्फ-नॉइज. ९४ डीबी हा आवाज म्हणजे १ पास्कल दाब, माइक मोजायची ठरलेली पातळी.

एक सावधगिरी मात्र बाळगा. काही पत्रकांत "ए" वजनाचा आकडा असतो, काहींत सीसीआयआर किंवा आयटीयू-आर ४६८ पद्धतीचा. त्याच माइकचा दुसऱ्या पद्धतीचा आकडा साधारण १० ते १२ ने जास्त येतो. दोन माइकांची तुलना करताना पद्धत एकच आहे ना, हे पाहिल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नका. आणि आकडा कुठेच दिलेला नसेल, तर तो अभिमानाने सांगण्यासारखा नाही असंच मी धरून चालतो. हातात धरायच्या बहुतेक रेकॉर्डरांच्या अंगच्या माइकांचं असंच असतं.

सेन्सिटिव्हिटी पाहायची गरज आहे का?

आहे, आणि या सगळ्या विषयात सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते हिच्याकडेच. म्हणून इथे थोडं थांबूया.

माइक शांत असून भागत नाही, त्याने रेकॉर्डरला दणदणीत सिग्नलही द्यायला हवा. सेन्सिटिव्हिटी म्हणजे १ पास्कल दाबाला माइक किती व्होल्टेज देतो ते. एनटी१-ए देतो २५ मिलिव्होल्ट. गायकांच्या हातात दिसणारा शुर एसएम५८ देतो जेमतेम १.८५. म्हणजे तोच पक्षी, तेच अंतर, पण रेकॉर्डरपर्यंत पोचणारा सिग्नल तेरा-चौदा पट लहान.

आता हिशोब करून पाहू. एक चांगला रेकॉर्डर घ्या, ज्याच्या प्रीअँपचा (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटचा) नॉइज −१२७ डीबीयू (विद्युत सिग्नलची पातळी मोजायचं एकक) आहे. एनटी१-ए जोडला तर प्रीअँपची भर होते उणे ३ डीबी आवाजाइतकी, म्हणजे शून्याच्याही खाली. माइकच्या ५ डीबीएपुढे ती कुठेच लागत नाही. त्याच रेकॉर्डरला एसएम५८ जोडला की प्रीअँपचा नॉइज थेट १९ डीबीच्या आवाजाइतका होतो. रेकॉर्डर तोच, बटणं तीच. फरक पडला तो माइकने किती जोरात सिग्नल दिला यामुळे.

उलटही पाहा. साधासा रेकॉर्डर घ्या, −१२० डीबीयूचा. त्याला एनटी१-ए लावल्यावर दोघांचा मिळून नॉइज होतो साधारण साडेसात डीबीए. म्हणजे सामान्य रेकॉर्डर आणि सेन्सिटिव्ह, शांत माइक ही जोडी बऱ्याच महागड्या जोड्यांना मागे टाकते. २० मिलिव्होल्टच्या वरचा माइक शोधा, १० च्या खालचा शांत जागेसाठी टाळा.

रेकॉर्डरच्या पत्रकातला ईआयएन कसा वाचायचा?

प्रीअँपचा नॉइज त्याच्या इनपुटला किती आहे, ते हा आकडा सांगतो. जितका जास्त उणे तितका चांगला. १५० ओमच्या रोधाचा (मोजताना माइकच्या जागी तोच जोडतात) स्वतःचा उष्णतेचा नॉइजच −१३१ डीबीयूच्या आसपास असतो, त्याच्या खाली कुणीच जाऊ शकत नाही. म्हणून −१२७ किंवा −१२८ म्हणजे छताला डोकं टेकलं असं समजा. झूम एफ३ चा जाहीर आकडा −१२७ डीबीयू आहे. साउंड डिव्हायसेसच्या मिक्सप्री-३ वर −१३० लिहिलेलं असतं, पण ते डीबीव्हीमध्ये आहे, डीबीयूमध्ये नाही. दोन्हींत २.२ चा फरक. म्हणजे तो −१२८ डीबीयूच्या जवळ येतो. कागदावर ३ चा वाटणारा फरक प्रत्यक्षात १ च्याही खाली.

इनपुट शॉर्ट करून मोजलेला आकडा नेहमीच जास्त देखणा दिसतो. १५० ओम जोडून मोजलेला पाहा.

पैसे मोजकेच आहेत. आधी माइक घेऊ की रेकॉर्डर?

माइक. वर जो हिशोब केला त्याचं सार हेच आहे. हिस माइकमधून येत असताना नवा रेकॉर्डर घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोन नॉइजांची बेरीज सरळ होत नाही, हेही ध्यानात ठेवा. दोन्ही सारखे असले तर एकूण ३ डीबीने वाढ होते. पण एक दुसऱ्यापेक्षा १० डीबीने लहान असला, तर एकूण जेमतेम ०.४ ने वाढतो, कानाला कळतही नाही. म्हणून साखळीत जो सर्वांत गोंगाटी आहे त्याच्यावरच पैसे घालायचे. बाकीच्यांना सुधारून काहीही हाती लागत नाही.

आणि त्याहीआधी जवळ जा. अंतर निम्मं केलं की ६ डीबी मिळतात. आठ मीटरवरच्या बेडकाजवळ दोन मीटरवर माइक ठेवलात तर १२ डीबी. एवढी सुधारणा कुठलाही नवा माइक सहसा देत नाही. अर्थात घरट्याजवळ हा हिशोब लावायचा नाही. तिथे आपण लांबच राहिलेलं बरं.

३२-बिट फ्लोट रेकॉर्डर घेतला की हिस जातो ना?

जात नाही. ३२-बिट फ्लोटचा खरा फायदा वरच्या टोकाला आहे. अचानक वीज कडाडली, हत्ती ओरडला, तरी आवाज फाटत नाही, नंतर पातळी खाली आणता येते. माइक आणि प्रीअँपचा नॉइज मात्र आकड्यात रूपांतर होण्याआधीच सिग्नलमध्ये मिसळलेला असतो. तो तुम्ही कितीही बिटांत साठवा, तसाच राहतो. रात्रभर यंत्र सोडून यायचं असेल तर ३२-बिट फ्लोट वरदान आहे, आणि मी स्वतः तेच वापरतो. पण हिस घालवण्यासाठी ते घेऊ नका. २४-बिटवर शांत जागेचे शिखर −३० डीबीच्या आसपास (शून्य म्हणजे कमाल पातळी) राहिले तरी काही बिघडत नाही.

मोठ्या पडद्याचा स्टुडिओ माइक इतका शांत आहे, तर तोच बाहेर का नेऊ नये?

नेता येतो, पुष्कळ जण नेतात. मोठा पडदा जास्त हवा अडवतो, जास्त सिग्नल देतो, म्हणून तो शांत. पण त्याला दमट हवा सोसत नाही.

एका धुकाळ पहाटे मी असे दोन माइक झाडाच्या बुंध्याला लावले होते. रात्री दोनपासून चारपर्यंत घुबडाचे सुरेख आवाज आले. शेवटचे हुंकार तर इतके जवळचे की हेडफोनमध्ये त्याचा श्वास जाणवावा. साडेचारला दव पडायला लागलं, आणि डाव्या कानात ठिणग्या उडाव्यात तशी तडतड सुरू झाली. आधी एखाददुसरी, मग सलग. पडद्यावर ओल बसली की त्यावरचा विद्युतभार गळायला लागतो, तोच हा आवाज. पहाटेचा पक्ष्यांचा गलका, ज्यासाठी मी गेलो होतो, तो सगळा उजव्या कानातच राहिला. माइक घरी कोरड्या डब्यात दोन दिवस ठेवल्यावर पुन्हा ठणठणीत झाला.

तेव्हापासून दमट जागी मी आरएफ-कंडेन्सर तत्त्वाचेच माइक नेतो. सेनहायझरची एमकेएच मालिका त्या तत्त्वावर चालते. त्यात कॅप्सूलवर उच्च वारंवारतेचा प्रवाह असतो, त्यामुळे ओलीचा त्रास फारच कमी होतो. ते परवडत नसतील तर इलेक्ट्रेट (विद्युतभार कायमचा साठवलेल्या) कॅप्सूल बऱ्या. आणि कुठलाही माइक असो, थंड खोलीतून उबदार दमट हवेत नेलात की त्यावर लगेच दव बसतं. आधी पिशवीतच तासभर राहू द्या. सिलिका जेलची पुडी डब्यात कायम हवी.

छोट्या प्लग-इन पॉवर कॅप्सूल खरोखर चालतात?

उत्तम चालतात. त्यांना लागणारी थोडीशी वीज रेकॉर्डरच्या मिनिजॅकमधूनच मिळते, तीच प्लग-इन पॉवर. ईएम२७२ ची सेन्सिटिव्हिटी ४० मिलिव्होल्टच्या आसपास आहे, म्हणजे मिनिजॅकच्या साध्या इनपुटलाही ती भरपूर सिग्नल देते. नवशिक्याने पहिली जोडी हीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. वजन नाही, मोठ्या माइकांना लागणाऱ्या ४८ व्होल्टच्या पुरवठ्याची गरज नाही, झाडावर अडकवल्या की दिसतही नाहीत. तुमचा रेकॉर्डर मिनिजॅकवर प्लग-इन पॉवर देतो का, आणि मेन्यूत ती सुरू केली आहे का, एवढं मात्र तपासा. पहिल्या दिवशीच्या "काहीच आवाज येत नाही" या तक्रारीचं कारण दहातून सात वेळा तिथेच असतं, असं मला तरी अनुभवाने वाटतं.

एकाच पक्ष्यासाठी शॉटगन चांगली की पॅराबोला?

शॉटगन, म्हणजे लांब नळीचा दिशादर्शी माइक, आवाज जवळ आणत नाही, फक्त बाजूचं कमी ऐकते, तेही वरच्या स्वरांत. खालच्या स्वरांत ती साध्या दिशादर्शी माइकसारखीच वागते. तिच्याकडून दुर्बिणीची अपेक्षा ठेवणारे निराश होतात.

पॅराबोला, म्हणजे माइकपाठची खोलगट तबकडी, मात्र खरंच आवाज गोळा करते, आणि ती नॉइज न वाढवता सिग्नल वाढवते, म्हणून साध्या माइकलाही ती शांत बनवते. पण तिची मर्यादा तिच्या आकारात आहे. ६० सेंटिमीटरच्या तबकडीला साधारण ५७० हर्ट्झच्या खालचा आवाज दिसतच नाही, कारण तिथे ध्वनीच्या लाटेची लांबी तबकडीएवढी होते. त्यामुळे शिंजिर, दयाळ, वटवट्या यांच्यासाठी सुरेख, पण घुबडाच्या हुंकारासाठी किंवा पारव्याच्या घुमण्यासाठी तिचा काही उपयोग नाही. आणि तिच्या रेकॉर्डिंगमध्ये स्वर वरच्या बाजूला झुकलेला असतो, हे ऐकणाऱ्याला सांगायला हवं.

स्टीरिओसाठी काय मांडणी करू?

ओम्नी माइक मला जास्त आवडतात. ते त्याच किमतीच्या दिशादर्शी माइकांपेक्षा सहसा शांत असतात, वाऱ्याला कमी घाबरतात आणि खालचे स्वर प्रामाणिक देतात. दोन ओम्नी झाडाच्या बुंध्याच्या दोन बाजूंना लावा. बुंधा मधे डोक्यासारखं काम करतो आणि हेडफोनवर जागा डोळ्यांसमोर उभी राहते. दोन कार्डिऑइड असतील तर ओआरटीएफ करा: कॅप्सूलमधलं अंतर १७ सेंटिमीटर आणि कोन ११० अंश. रेकॉर्डरवरच्या एकमेकींना चिकटून तिरक्या बसवलेल्या एक्स-वाय जोडीत रानाची रुंदी येत नाही.

वाऱ्याचं काय?

स्पंज फक्त घरात. बाहेर दाट केसांची लोकर हवी, आणि वारा जोराचा असेल तर आत मोकळी हवा कोंडणारी झेपलिन पेटी आणि तिच्यावर लोकर. वाऱ्याचा गुरगुराट मुख्यतः खालच्या स्वरांत असतो, म्हणून ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे स्वर कापणारा फिल्टर) थोडी मदत करतो. पण पडदा वाऱ्याने आधीच टोकाला गेला असेल तर नंतर फिल्टर लावून काही परत मिळत नाही. माइकवर जो पैसा घालाल त्याचा थोडा भाग यासाठी राखूनच ठेवा. ५ डीबीएचा माइक उघड्यावर ठेवला तर मंद झुळूकही त्याला २० च्या माइकपेक्षा वाईट करून टाकते.

सॅम्पल रेट किती ठेवू?

४८ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), २४-बिट. स्टीरिओला तासाला साधारण १ जीबी लागते. ९६ वर ती दुप्पट होते. आवाज नंतर संथ करून खालच्या पट्टीत ऐकायचा असेल तरच ९६ घ्या. वटवाघळांसाठी हा सगळा विचार बाजूला ठेवावा लागतो. त्यांचे आवाज बहुतांशी २० किलोहर्ट्झच्या वर असतात, तिथे २५६ किंवा ३८४ किलोहर्ट्झवर नोंदणारं यंत्र लागतं. ऑडिओमॉथ हे छोटं, खुल्या आराखड्याचं यंत्र ३८४ पर्यंत जातं. शांत वातावरणाच्या सुंदर रेकॉर्डिंगसाठी ते नाही, कोण आलं-गेलं ते टिपण्यासाठी आहे.

साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. रात्रभराच्या नोंदीत रेकॉर्डर फाइली न तुटता आपोआप विभागतो का, ते घरीच पाहून घ्या.

बॅटरी, पॉवर बँक?

पुन्हा चार्ज होणाऱ्या एनआयएमएच पेशी, थंडीत लिथियम एए. ४८ व्होल्ट सुरू केलं की वेळ चांगलाच घटतो, पत्रकातल्या तासांवर जाऊ नका. पॉवर बँकेचे दोन त्रास: कमी प्रवाह लागतो म्हणून ती स्वतःच बंद होते, आणि काहींच्या आतल्या सर्किटची बारीक शिट्टी रेकॉर्डिंगमध्ये उतरते. नवी पॉवर बँक आधी बॅटरीशी तुलना करून ऐका.

विकत घेतलेलं सामान खरंच शांत आहे का, हे घरी कसं तपासू?

रात्री पंखा, फ्रिज बंद करा. माइक जाड रजईत गुंडाळून कपाटात ठेवा आणि नेहमी वापरता त्या गेनवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा. मग माइक काढून त्याच्या जागी १५० ओमचा रोध लावा: जुन्या एक्सएलआर प्लगमध्ये पिन २ आणि ३ मधे तो डाग देऊन जोडला की झालं. पुन्हा पाच मिनिटं. दोन्ही फाइली एकापाठोपाठ ऐका. दुसरी पहिलीपेक्षा स्पष्ट शांत असेल, तर हिस माइकचा (किंवा खोलीचा) आहे आणि रेकॉर्डर बदलायची गरज नाही. दोन्ही सारख्याच वाटल्या तर प्रीअँप आडवा येतोय.

हिस नंतर सॉफ्टवेअरने काढता येईल ना?

बोलण्यातून काढता येतो. निसर्गाच्या आवाजातून काढताना माझं मन धजत नाही. पाऊस, ओढा, पानांची सळसळ, लाटा हे सगळे आवाज मुळात हिससारखेच असतात. सॉफ्टवेअरला दोन्हींतला फरक कळत नाही. ते हिसबरोबर पानंही पुसतं, आणि मागे एक पाणचट, गुळगुळीत पोकळी उरते. थोडं, २-३ डीबी, कुणाला कळणार नाही इतकंच करा. आणि मूळ फाइल कधीही पुसू नका.

एवढं सगळं करूनही रेकॉर्डिंगमध्ये बारीक खुडबुड येते. माइक सदोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. आधी जॅकेट पाहा. चकचकीत नायलॉनचं कापड श्वासागणिक कुरकुरतं, सुती घाला. मग घड्याळ. मग केबल: वाऱ्याने हलून ती स्टँडला हलकेच घासते आणि तो थरथराट थेट माइकमध्ये जातो, तेव्हा ती सैल वळण देऊन दोन जागी बांधा. तरीही येत असेल तर रेकॉर्ड सुरू करून तीस मीटर लांब जाऊन बसा. पहिली दहा मिनिटं रान आपल्यामुळे गप्प असतं, त्यानंतर एकेक जण परत बोलू लागतो. माझ्या संग्रहातली जवळजवळ सगळी आवडती रेकॉर्डिंग्ज अकराव्या मिनिटानंतरची आहेत.